रफिक, त्या कॅप्सूलमध्ये ग्लुकोज होतं

रफिक, तुला माती दिली त्याला आज सतरा दिवस झाले. तीन मुठी टाकायच्या असतात, हे तुझ्या अब्बांच्या वेळी तूच मला कानात सांगितलं होतंस. पहिली मूठ टाकली, दुसरी टाकली आणि तिसरीला माझा हात तसाच थांबला. मागच्या माणसाला वाटलं, मला रडू आवरत नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "सब्र करो भाई. तुम्ही तर किती केलंत त्याच्यासाठी."

मी रडत नव्हतो. ज्या हाताने तुझ्या कॅप्सूल भरल्या, तोच हात माती टाकतोय, एवढंच मला दिसत होतं.

जव्हारच्या बाजारात सगळे हेच म्हणतात. रफिक टेलरच्या दोस्ताने मुंबईहून औषध आणून त्याला इतके दिवस जगवला. मी मान खाली घालून ऐकून घेत आलो. आता दोघींना खरं सांगून झालं आहे. खरं तर पहिला नंबर तुझा होता. तू शेवटी राहिलास, आणि तुला ऐकू येत नाही तेव्हा राहिलास.

सुरुवात कुठून झाली ते मला नीट आठवतं. तू मला शास्त्रज्ञ म्हणायला लागलास तिथून. मी सुट्टीला आलो, एसटीतून उतरून बाजारातून चालायला लागलो की तू मशीनवरूनच ओरडायचास, "आले आले, शास्त्रज्ञ आले!" पहिली एक-दोन वर्षं मी सांगितलंसुद्धा, "अरे टेक्निशियन आहे मी." तू म्हणायचास, "तेच ते. डॉक्टर नाही म्हणून कंपाउंडर काय कमी असतो?" लोक हसायचे. मग मी दुरुस्त करणं सोडून दिलं. रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाईचा मुलगा मी. बाजारात कोणी शास्त्रज्ञ म्हटलं तर कानाला बरं वाटायचं. मुंबईच्या प्रयोगशाळेत माझं काम म्हणजे पेशींचं खाद्य दर दोन दिवसांनी बदलायचं, भांडी निर्जंतुक करायची, मॅडम सांगतील तितकं रसायन मोजून घालायचं आणि वहीत लिहायचं. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही.

त्या रसायनाबद्दल मात्र सांगितलं, आणि फार रंगवून सांगितलं. बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत पिवळसर भुकटी. फ्रीजरमध्ये उणे वीसवर ठेवायची. तिला धड नावही नाही, नुसता क्रमांक आहे. जात मात्र ठरलेली, किनेज इन्हिबिटर.

"हे किनेज काय असतं? जव्हारच्या मराठीत सांग," तू म्हणालास.

मी तुझ्या हातातला खडू घेतला. म्हटलं, तू कापडावर खुणा करतोस ना, इथे काप, इथे टीप मार? किनेज म्हणजे पेशीतला खुणा करणारा. त्याने खूण केली की पुढचं काम सुरू होतं. कॅन्सरमध्ये त्याचा हात थांबतच नाही. दिसेल तिथे खूण, दिसेल तिथे शिवण. आमची भुकटी त्याचा हात धरते.

"म्हणजे खडू काढून घ्यायचा," तू म्हणालास.

"तसंच."

मी मोबाईलवर फोटो दाखवले. पहिल्यात बशीभर दाटलेल्या पेशी, दुसऱ्यात भुकटी घातल्यावर उरलेल्या तुरळक.

"अरे! मग कॅन्सर गेला की!"

"बशीत गेला."

तू हसलास, खडू परत घेतलास आणि कॉलर आखता आखता, वर न बघता म्हणालास, "पण दिन्या, खडू काढला तर चांगला कपडा तरी कसा शिवायचा? खुणा तर चांगल्या कपड्यालाही लागतात."

सातवीनंतर शाळा सोडलेला माणूस तू. मॅडम नव्या मुलांना जे पहिल्या आठवड्यात समजावतात, ते तू कॉलर आखताना बोलून गेलास. हे रसायन चांगल्या पेशींचाही हात धरतं. म्हणून तर ते औषध नाही. कोणत्या खुणेने काय घडतं, हे पेशींना विचारायचं ते साधन आहे. बाटलीवर छापलेलंच असतं की फक्त संशोधनासाठी, माणसांवर किंवा जनावरांवर उपचारासाठी नाही. हे सगळं मला त्या क्षणी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बघ, तू पण शास्त्रज्ञ झालास." आणि चहा सांगितला.

त्यानंतर वर्षभराने तुझ्या मानेत गाठ आली.

मुंबईला हॉस्पिटलमध्ये तुझ्याबरोबर मी होतो. डॉक्टर म्हणाले, लसीकाग्रंथींचा कॅन्सर आहे, दर एकवीस दिवसांनी एक, असे सहा डोस घ्यायचे, या प्रकारात बरे होणारे पुष्कळ असतात. पुष्कळ हा शब्द मी माझ्या कानांनी ऐकला, रफिक. तू दोन डोस घेतलेस. केस गेले त्याचं तुला काही वाटलं नाही. "टोपी असतेच डोक्यावर," म्हणालास. पण तुझी बोटं बधिर झाली. सुईत दोरा ओवता येईना. दुकानात गेलो तर भाभी दोरा ओवून देत होत्या आणि तू भिंतीकडे बघत बसला होतास.

"तिसरा घ्यायचा नाही," तू म्हणालास. "हातच गेले तर जगून काय करू? त्यापेक्षा तुझी ती पावडर दे. खडू काढून घेणारी."

मी नाही म्हणालो. तू पुन्हा मागितलीस. तिसऱ्यांदा मागितलीस तेव्हा म्हणालास, "दोस्ताला देत नाहीस, मग कुणासाठी ठेवली आहेस?"

एकदा, मॅडम बाहेर गेल्या असताना, मी ती बाटली फ्रीजरमधून काढून हातात धरली होती, हेही आज सांगतो. बाटलीला बाहेरून दव धरलं. मी लेबल वाचलं आणि ती परत ठेवली. पुढचे कित्येक महिने मी याच एका गोष्टीवर झोपू शकलो. मी रफिकला विष दिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ठाण्याच्या माझ्या खोलीत बसून मी आयुर्वेदिक दुकानातून आणलेल्या रिकाम्या कॅप्सूल ग्लुकोजने भरल्या. प्रयोगशाळेत करतो तसं सगळं केलं. हात धुतले, वर्तमानपत्र पसरलं, एकेक भरून कपड्याने पुसली. तुला आणून दिल्या आणि अट घातली की डोस चुकवायचा नाही, डोस घेतलास तरच या लागू पडतात. तुला तिसऱ्या डोसाला नेण्यासाठीच मी ते केलं, हे खरं आहे. ग्लुकोजने कोण मरतं, असंही मी मनाशी म्हणालो. तेही खरंच वाटलं होतं.

तू तिसरा डोस घेतलास. दहा दिवसांनी फोन आला. "दिन्या, गाठ गेली! हाताला लागतच नाही! तुझं औषध लागलं!"

"हॉस्पिटलचं लागलं," मी म्हणालो.

"हॉस्पिटलचं दोनदा घेतलं तेव्हा का नाही गेली?"

तेव्हाच ती उतरायला लागली होती. खरं उत्तर तोंडात होतं. त्याला एकच वाक्य पुरलं असतं, तू खातोस ती साखर आहे. पण तू फोन भाभींना दिलास. त्या रडत होत्या. मागे बाजारातला आवाज ऐकू येत होता. तू कोणाला तरी सांगत होतास, "हमारे सायंटिस्टने केलं." मी ते वाक्य गिळलं.

मग तू म्हणालास, "चौथा डोस जरा पुढे ढकलतो. जून तोंडावर आलाय. मोखाड्याच्या आश्रमशाळेचे गणवेश आहेत. बोटं जरा जागी होऊ देत, ते शिवून टाकतो आणि मग जातो. तोवर तुझं औषध आहेच."

मी म्हणालो, "बरं. पण जून संपला की नक्की."

माझा गुन्हा कोणता, असं कोणी विचारलं तर मी कॅप्सूल दाखवणार नाही. ते 'बरं' दाखवीन.

जून संपला, जुलै संपला. तू गणवेश शिवलेस, बोटं जागी झाली, तू हॉस्पिटलचं नाव काढेनास. मी आठवण करायचो, पण किती हळू आवाजात. जोर लावला असता तर तू विचारलं असतंस, तुझ्या औषधावर तुझाच भरवसा नाही का? आणि मी दर महिन्याला नवी बरणी आणत राहिलो. पावसाळ्यात तू म्हणालास, "जरा जास्त आण." मला वाटलं, लवकर बरं व्हायला दुप्पट खातोयस. साखरच तर आहे, म्हणून मी आणल्या. त्याच महिन्यात तू मला शर्ट शिवून दिलास, आतल्या बाजूला खोल खिसा लावलेला. "औषध आणताना गर्दीत सांडायला नको."

खिशावरून मला पाचवीतली गोष्ट आठवते. तुझ्या अब्बांनी उरलेल्या खाकी कापडाची माझी चड्डी शिवली होती. खिशाचं अस्तर कमी पडलं म्हणून फुलाफुलांच्या फ्रॉकच्या कापडाचं लावलं. वर्गात खिसा बाहेर आला आणि पोरं हसून लोळायला लागली. दुसऱ्या दिवशी तू आलास तो दोन्ही खिसे बाहेर काढूनच आलास. तुझेही फुलाफुलांचे. रात्रीतून अम्मीकडून उसवून बदलून घेतले होतेस. कोणी हसलं नाही मग. माझी लाज झाकायला तू आपले खिसे बदलून घेतलेस. मी माझी लाज झाकली, तुझ्या जिवावर.

दसऱ्याच्या सुमाराला गाठी परत आल्या. मानेत आल्या, काखेत आल्या. मी तुला ओढून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी कागद बघून विचारलं, "मधले पाच महिने कुठे होतात?" तू म्हणालास, "काम होतं, साहेब." माझं नाव घेतलं नाहीस. दोस्ताची नोकरी जाईल, म्हणून. तुझ्या समजुतीप्रमाणे मी तुझ्यासाठी लॅबमधून चोरी करत होतो ना.

शेवटचं बाहेर पडलास ते गावाबाहेर शिरपामाळच्या टेकडीवर. तुझाच हट्ट होता. रिक्षाने गेलो. फिरायला आलेले काही पाहुणे मोबाईलवर फोटो काढत होते. एकाने तुला बाजूला व्हायला सांगितलं, तर तू म्हणालास, "अहो येऊ द्या फोटोत, पुढच्या वेळी मिळायचो नाही." तो ओशाळला. मग आपण दगडावर बसलो. तू दरीकडे बघत होतास.

"दिन्या, चूक माझी आहे," तू म्हणालास. "तुझं औषध मी उशिरा सुरू केलं. पहिल्या दिवसापासून हट्टाने मागायला हवं होतं."

मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तुझा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. आणि मी म्हणालो, "असं बोलू नकोस."

एवढंच म्हणालो. सगळा दोष अंगावर घेऊन तू गेलास आणि मी तुला जाऊ दिलं.

तिसऱ्या दिवसाच्या फातेहाला मी दुकानात आलो. भाभी इद्दतमध्ये आहेत, नवरा गेल्यावरचे चार महिने बाहेरच्या पुरुषासमोर येत नाहीत. दुकान आणि घर यांच्यामधल्या पडद्याआडून बोलल्या. पडद्याखालून त्यांचा हात आला आणि हातात कॅप्सूलची बरणी. अर्धी भरलेली.

"दिनूभाई, यातल्या वांगणीच्या पारूबायच्या आहेत. हे तिला आपल्यातल्या अर्ध्या द्यायचे. जूनमध्ये पोरीचा गणवेश शिवायला आली होती, तिच्या छातीत गाठ आहे. सरकारी दवाखान्यातून मुंबईची चिठ्ठी दिली होती. हे म्हणाले, कशाला मुंबई, मुंबईचं औषध इथेच आहे. बाजाराला आली की घेऊन जाते. तुम्ही तिच्या कॅप्सूल बंद करू नका. यांचा शब्द आहे."

जरा जास्त आण. मला तेव्हा कळलं.

रागावू नकोस, पण त्या क्षणी तुझाच राग आला मला. औषध कोणी वाटतं का? मग आठवलं, तू कधी काय एकट्याने खाल्लं होतंस? डब्यातला रविवारचा मटणाचा तुकडासुद्धा तू दोन भागांत तोडायचास. खरं औषध समजून तू आपला अर्धा जीव एका बाईला देत होतास. खोटं होतं ते माझ्या बाजूने.

तीन दिवसांनी मी वांगणीच्या पाड्यावर गेलो. वावर गावापर्यंत जीप मिळाली, पुढे चालत. निम्म्या घरांना कुलपं. भात झोडून माणसं जगायला गेलेली, कोणी वीटभट्टीवर, कोणी भिवंडीला. पारूबाय अंगणात बसून नागली पाखडत होती. चाळिशीची बाई, डावा हात अंगाजवळ धरून वावरणारी.

"तू शिंप्याचा दोस्त ना? औषधवाला?" ती म्हणाली. "दोन बाजार झालं, दुकान बंद हाय. कुठं गेला तो?"

"रफिक वारला, पारूबाय."

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "लई हसवायचा. माझ्या पोरीला म्हनायचा, गणवेश ढगळा शिवतो, पुढल्या वर्साला पण आला पायजे." मग माझ्या हातातल्या बरणीकडे बघितलं. "ह्या माझ्या?"

मी उभ्याउभ्या सांगितलं. बसलो असतो तर सांगितलं नसतं. "यात औषध नाही. साखर आहे. पोरांना ताप आल्यावर पाण्यातून देतात ती."

"आन औषध?"

"नव्हतंच."

"थोडं पन नाय?"

"थोडं पण नाही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "मंग तो शिंपी साखर खाऊन मेला?"

सगळ्या जव्हारात कोणी असं विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "हो."

मी घाईने पुढचं बोलायला लागलो. उद्याच मुंबईला चल, चिठ्ठी आहे ना, मी बरोबर येतो, सगळं मी बघतो. तिने हाताने थांबवलं.

"त्याच्या बायकोला सांगलंस?"

"नाही."

"का?"

मी बरणीचं झाकण घट्ट करायला लागलो.

"माझ्याजवळ आलास, कारन मी अजून जिती हाय. मना मुंबईला नेलंस की तुला बरं वाटंल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "पयले तिला सांग. माझ्यासमोर सांग. मंग मी गाडीत बसन. नाय तं तू आता देशील ते पन मी कशाला खरं धरू?"

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला भावजयीकडे ठेवलं आणि आम्ही जव्हारला आलो. तुझ्या दुकानात तुझी मशीन कापडाने झाकलेली होती. पारूबाय पायरीवर बसली. मी पडद्यासमोर उभा राहिलो आणि तुला आत्ता सांगितलं तेवढं सगळं भाभींना सांगितलं, शास्त्रज्ञापासून शिरपामाळपर्यंत. समोर माणसाचा चेहरा नव्हता, निळा फुलांचा पडदा होता.

मग त्यांनी विचारलं, "यांना माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही, भाभी."

"म्हणजे मला म्हणायचे, माझीच चूक झाली, ते खरं समजून म्हणायचे."

मग त्यांनी पारूबायला बरणी घेऊन आत बोलावलं. दोघी आत काहीतरी बोलत होत्या, शब्द कळत नव्हते. एकदा पातेल्याचा आवाज आला. पारूबाय बाहेर आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या आणि तुझ्या हॉस्पिटलच्या कागदांसाठी तू शिवलेली ती चौकड्यांची कापडी पिशवी होती, रिकामी केलेली. पडद्याखालून बरणी बाहेर आली. तीही रिकामी.

"दिनकरभाई," भाभी म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी दिनकरभाई म्हटलं नव्हतं. "चाळिसाव्याच्या फातेहाला येऊ नका."

मी येणार नाही, रफिक.

पारूबायची तपासणी सुरू झाली आहे. गाठीचा तुकडा काढून पाठवला आहे. डॉक्टरांनी तिलाही विचारलं, इतके महिने कुठे होतात? या वेळी मी उत्तर दिलं, माझ्या नावासकट. लॅबमध्ये मॅडमनाही सांगितलं आहे, काय व्हायचं ते होईल. रिपोर्ट बरा येईल की नाही, माहीत नाही. फुकट गेलेले महिने परत देता येत नाहीत, हे मला तुझ्यावरून कळलं आहे. तू हे ऐकून काय म्हणाला असतास, माफ केलं असतंस की नाही, ते मी लिहिणार नाही. तुझ्या नावावर मी आधीच खूप खपवलं आहे.

सध्या तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आहेत. हॉस्पिटलच्या बाकावर ती पाकीट माझ्यापुढे धरते आणि म्हणते, "वाच." मी नाव वाचतो. "आनखी." मी आतलं प्रमाण वाचतो, कंपनी वाचतो, तारीख वाचतो, मागचं बारीक अक्षरातलंही सगळं वाचून मराठीत सांगतो. ती ऐकते. मग पाकीट माझ्या हातातून काढून घेते, शेजारी बसलेल्या अनोळखी बाईपुढे धरते आणि म्हणते, "बाय, तू पन एकदा वाच."

ती बाई वाचते. दोघांचं जुळलं, की मगच पारूबाय गोळी तोंडात टाकते.